मुलगी आज रात्री कुठे झोपणार?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांची रेंज घाटात जाते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर. बोलताना जे "म्हणजे", "ॲक्च्युअली" येतं ते बरंच काढलंय. थोडं राहिलंय, चालवून घ्या.

सुरुवात माझ्या दादापासून करतो.

दादा पुण्यात असतो, वाकडला. टू बीएचके, सहावा मजला. वहिनी नर्स आहे. पुतणी चिऊ गेल्या पावसाळ्यात दहा वर्षांची झाली. वाढदिवसाला तिला केक नको होता, हॉटेल नको होतं. तिला पाहिजे होती स्लीपओव्हर. चार मैत्रिणी रात्री घरी राहायला येणार. दादानं लगेच हो म्हणून टाकलं. त्याला वाटलं, पोरी येतील, मॅगी खातील, दहाला झोपतील. तो बँकेत आहे. टेस्टिंग न करता काही प्रॉडक्शनला टाकायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार? ऐन वेळी वहिनीची ड्युटी बदलली आणि त्या शनिवारी तिला नाईट लागली. साडेनऊला दादाचा मला फोन आला. फक्त दोन शब्द. "ये लवकर."

मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये पाच पोरी आणि घरातल्या सगळ्या उशा एका ढिगात होत्या. सतरंजीवर जांभळं नेलपॉलिश सांडलेलं. एकीनं आणलेला कापडाचा हत्ती पंख्याला अडकलेला. अकराला एकजण आईची आठवण येते म्हणून रडायला लागली, तिला बघून दुसरी रडली, आणि तिसरी हसली म्हणून भांडण झालं. बाराला खालच्या काकांचा इंटरकॉम आला. एकला भुताच्या गोष्टी सुरू झाल्या आणि मग बाथरूमला जाताना पाचही जणींनी एकदम जायचं, असा ठराव पास झाला. दादा स्वयंपाकघरात उभा राहून मॅगीचं चौथं पातेलं ढवळत होता. असा चेहरा मी रिलीजच्या रात्री मॅनेजरचा पाहिलाय.

पण मला सांगायचंय ते हे नाही.

नऊ ते अकराच्या मधे दादाला तीन फोन आले. तीनही मुलींच्या वडिलांचे. पहिले म्हणाले, "सर, मिसेस आहेत ना घरी?" दादा खोटं बोलत नाही. म्हणाला, "नाही हो, अचानक नाईट लागली." मग तिकडं शांतता. दुसऱ्यांनी व्हिडिओ कॉल केला आणि मुलीला म्हणाले, जरा मोबाईल फिरव बेटा, घर बघू दे. तिसरे सरळ आलेच. वर आले नाहीत. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "ऑफिसचं थोडं काम होतं, म्हटलं इथंच बसून करू." लॅपटॉप मागच्या सीटवर बॅगेत होता. मग थोड्या वेळानं स्वतःच बोलले, "तुमच्यावर अविश्वास नाही हो. ती पहिल्यांदाच बाहेर झोपतेय." दीड वाजता गेले.

दादाला वाईट वाटलं. कुणालाही वाटेल. पण त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. त्यानं गादी उचलली, गॅलरीत टाकली आणि चिऊला म्हणाला, "आम्ही दोघं इथं झोपतो. तू दार आतून लाव, कडी घाल." स्वतःच्या घरात, स्वतःच्या गॅलरीत, पोरीच्या हातून कोंडून घेऊन आम्ही दोघं भाऊ रात्रभर पावसाचे शिंतोडे आणि डास खात पडलो.

सकाळी गावाकडून अप्पांचा फोन आला. आमचं गाव लिंबागणेश, बीड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. भालचंद्र गणपतीचं देऊळ आहे, शापातून सुटण्यासाठी चंद्रानं तिथं तप केलं असं सांगतात, हे नियमित ऐकणाऱ्यांना पाठ असेल. तर अप्पा म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरी रातच्याला घरात ठेवल्या व्हय? अन् तू कुठं झोपलास?" दादा म्हणाला, "गॅलरीत." अप्पा म्हणाले, "मंग बरं."

त्या "मंग बरं" वर मी बरेच दिवस विचार करतोय. मी बीटेकवाला माणूस, इतिहास मला शाळेत सनावळ्यांच्या पुढे कधी शिकवला गेला नाही. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की "पोरगी आज रात्री कुठे झोपणार, आणि तेव्हा बाप कुठे असणार" हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षं तरी चाललाय. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, कायदे झाले, संस्था उभ्या राहिल्या. आणि आमच्या बीडमध्ये तो अजून मिटलेला नाही.

आधी एक गैरसमज काढू. स्लीपओव्हर हे अमेरिकन फॅड आहे, आपल्यात असलं काही नव्हतं, असं काका लोक म्हणतात. शब्द अमेरिकन आहे, मान्य. तिकडं मुलीला स्वतःची खोली असते, खोलीला दार असतं, त्या दाराआड मैत्रिणी जमतात. 'ग्रीस' नावाच्या १९७८ च्या सिनेमात असा सीन आहे, आणि १९८२ मध्ये तर स्लंबर पार्टीवर भीतिपट निघाला. म्हणजे मुली रात्री एकत्र जमल्या की कुणाला तरी भीती वाटते, हे तिकडंही आहेच. आपल्याकडं स्वतःची खोलीच नव्हती. लिंबागणेशला आमच्या घरी उन्हाळ्यात माळवदावर एका ओळीत अकरा जण झोपायचे. कोण कुणाकडं "ओव्हर" गेलंय हे मोजायलाच यायचं नाही.

पण मुलींनी रात्रभर जागायचं, नाचायचं, खायचं, आणि त्या रात्री घरातल्या पुरुषांनी बाहेर पडायचं, ही सोय आपल्याकडं होती. तिचं नाव मंगळागौर.

आता तुम्ही म्हणाल, मंगळागौर म्हणजे नऊवारी नेसलेल्या, पस्तिशी-चाळिशीच्या बायका, हॉल बुक केलेला, साउंड सिस्टीम, ग्रुपचे मॅचिंग काठ. आज तसंच दिसतं. मूळ पद्धत अशी: लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी, नवविवाहितेनं गौरीची पूजा करायची. बरोबर पूजेला बसणाऱ्या इतर नव्या नवऱ्या, त्यांना वशेळ्या म्हणतात. पूजा झाली की मुकाट्यानं जेवायचं. शब्द नाही काढायचा. आणि रात्री मात्र सगळी भरपाई. फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप घेऊन फुगडी, बसून फुगडी, कोंबडा, गाठोडं, उखाणे, भेंड्या, सासू-सुनेच्या भांडणाची नक्कल. अधूनमधून मटकीची उसळ आणि भाजणीचे वडे. उजाडेपर्यंत.

पहिली मंगळागौर बहुतेक माहेरी व्हायची. म्हणजे घर मुलीच्या बापाचं. माजघर, स्वयंपाकघर सगळं बायकांच्या ताब्यात, आणि घरमालक ओसरीवर, नाहीतर शेजाऱ्याकडं.

आता गंमत म्हणा, किंवा गंमत नाही म्हणा, पण हे नीट ऐका. "नवविवाहिता" म्हटल्यावर डोळ्यापुढं बावीस-पंचवीसची मुलगी येते ना? १८७० च्या आसपास जाऊन बघा. आनंदीबाई जोशी, ज्या पुढं १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं. काशीबाई कानिटकरांचं नवव्या वर्षी. रमाबाई रानड्यांचं १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी. लक्ष्मीबाई टिळकांचंही अकराव्या वर्षी. ही सगळी पुढं नाव कमावलेली, आत्मचरित्रात नाहीतर चरित्रात आलेली माणसं, म्हणून त्यांची वयं आपल्याला ठाऊक. बाकीच्या हजारोंची तर नोंदच नाही.

म्हणजे १८७० ची मंगळागौर ही अक्षरशः दहा-अकरा वर्षांच्या मुलींची स्लीपओव्हर होती. चिऊच्या वयाच्या पोरी. सासर-माहेर असं जाऊन-येऊन चालू असायचं, मुलगी न्हातीधुती झाली की कायमचं सासरी. ती रात्र म्हणजे मधल्या थोड्या वर्षांतली उरलेली उधळण. ओसरीवर पडलेल्या बापाला माजघरातला दंगा ऐकू येत असणार आणि एक दिवस हा दंगा या घरातून जाणार, तेही लवकर, हे ठाऊक असणार. त्या बापांनी काय विचार केला ते कुणी लिहून ठेवलेलं मला तरी सापडलं नाही. बायकांनी लिहिलंय, बापांनी नाही.

एक बाप मात्र सापडतो. लिहून नाही, कोर्टाच्या कागदात.

मुंबईचे डॉक्टर सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित, वनस्पतींचे अभ्यासक. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत दोन भारतीय होते, त्यातले एक हे. त्यांनी जयंतीबाई नावाच्या विधवेशी लग्न केलं. जयंतीबाईंना पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगी होती, रखमाबाई. जन्म १८६४. म्हणजे सखाराम अर्जुन तिचे सावत्र वडील. आपल्या गोष्टींत सावत्र बाप कसा असतो ते तुम्हाला माहितीय. हा तसा नव्हता.

रखमाबाईचं लग्नही अकराव्या वर्षीच झालं, दादाजी भिकाजी नावाच्या, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातल्या मुलाशी. इथंपर्यंत सगळं त्या काळासारखं. पण मुलगी वयात आल्यावर तिला नवऱ्याकडं पाठवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी पाठवलं नाही. वैद्य होते, एवढ्या कोवळ्या वयात शरीराचं काय होतं हे त्यांना कळत होतं. मुलगी बापाच्या घरीच राहिली. जवळच्या मिशनच्या लायब्ररीतली पुस्तकं आणून वाचत राहिली. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. तिकडं नवऱ्याचं शिक्षण सुटलं, तब्येत बिघडली. इकडं तिचं मत पक्कं झालं, मी त्या घरी जाणार नाही.

मार्च १८८४ मध्ये दादाजीनं वकिलाची नोटीस पाठवली. कुणाला? सखाराम अर्जुनांना. माझी बायको तुम्ही अडवून ठेवलीय, असा आरोप. मग मुंबई हायकोर्टात दावा लागला. कायद्याच्या भाषेत वैवाहिक हक्काची पुनःस्थापना. साध्या मराठीत सांगायचं तर, ही मुलगी रात्री कुठल्या घरात झोपणार हे ठरवण्यासाठी हायकोर्ट बसलं.

एप्रिल १८८५ मध्ये, निकालाच्या आधीच, सखाराम अर्जुन वारले. हे वाचताना मला पार्किंगमधले ते गृहस्थ आठवले. पहाऱ्याला बसलेला माणूस मधेच उठून गेला.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईच्या बाजूनं निकाल दिला. दादाजीनं अपील केलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा हुकूम दिला, महिनाभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. या खटल्यावर सगळा देश भांडला. टिळकांचा केसरी तिच्या विरोधात होता. हे आवडो न आवडो, सांगायला पाहिजे. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली, परत येऊन सुरत आणि राजकोटला तिनं आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

तिकडं कलकत्त्यात फुलमणी नावाची जेमतेम अकरा वर्षांची मुलगी लग्नाच्या नवऱ्याच्या खोलीत एका रात्री मेली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची अट दहावरून बारावर गेली. दहावरून बारा! आणि एवढ्यासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या.

आता दुसरा माणूस, ज्यानं हा प्रश्न वेगळ्या बाजूनं धरला. मुलगी रात्री बापाच्या घरीही नको असेल, नवऱ्याच्या घरीही नसेल, तर तिसरी जागा आहे का?

१८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथं मुली राहून शिकत. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली जाऊन बसायच्या. यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडं की बंद, हा मुद्दा मला फार ओळखीचा वाटला.

त्याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये लग्न केलं. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. लग्नामुळं त्यांच्या गावानं, मुरूडनं, त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. आज कर्वेनगर म्हणून जिथं आपण पार्किंग शोधत फिरतो ना, तिथं तेव्हा रान होतं. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, त्यातून एक झोपडी उभी राहिली. शहरात प्लेग. त्या झोपडीत विधवा, त्यातल्या कित्येक अगदी पोरी. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे. धड रस्ता नाही, पावसात चिखल. स्वतःला चार मुलगे. मुलींचा बाप ते आश्रमात झाले.

मी पुण्यात आल्यापासून त्यांचा पुतळा शंभरदा ओलांडलाय. शिक्षणमहर्षी, भारतरत्न, १९५८. सगळं खरं. पण मला ते आता असे दिसतात: कॉलेजचे पेपर तपासून झालेत, आणि चिखल तुडवत चाललेत, कारण दुसऱ्यांच्या पोरी एका झोपडीत आहेत आणि अंधार पडलाय.

हे झालं मुंबई-पुण्याचं. आता आपल्याकडं येऊ, कारण इथं मला सारखं एक खटकत होतं. मंगळागौर ही मुख्यतः ब्राह्मण आणि तशा काही घरांतली रीत. माझ्या आजीला मंगळागौर ठाऊकच नव्हती. तिची पंचमी.

मराठवाड्यात नागपंचमी काय असते हे पुणेकरांना सांगून कळत नाही. सासुरवाशिणीला आणायला माहेराहून माणूस जातो, मुऱ्हाळी. "पंचमीला मूळ आलं" म्हणताना म्हाताऱ्यांचा आवाज अजून बदलतो. लिंबाला झोके, हाताला मेंदी, ज्वारीच्या लाह्या. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे. आणि आधीचे कितीतरी दिवस जेवणं झाली की गल्लीतल्या सगळ्या लेकी एका अंगणात जमून फेर धरणार. जात्यावरच्या ओव्यांत हा मुऱ्हाळी, हा बाप सारखा येतो. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांचं रेकॉर्डिंग आपल्या माजलगावातही झालं होतं. ज्यांच्या बापांनी काही लिहिलं नाही, त्या लेकींनी बापावर गायलेलं तिथं ऐकायला मिळतं.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. आजीचं लग्न बाराव्या वर्षी झालं. पहिल्या पंचमीला तिचे वडील स्वतः बैलगाडी घेऊन आणायला गेले. पोरी अंगणात फेर धरायच्या आणि पणजोबा कंदील घेऊन अंगणाच्या कडेला, पोरींकडं पाठ करून, बसून राहायचे. श्रावणात साप निघतात म्हणून. सहा रात्री. आजी म्हणायची, "फुगडी आमी घातली अन् पाय बापाचे दुखले."

बाराव्या वर्षी लग्न कसं चाललं, कायदा नव्हता का? होता. शारदा कायदा १९२९ चा, एप्रिल १९३० पासून लागू, मुलीसाठी चौदा वर्षं. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. शेजारच्या नगर जिल्ह्यात जे गुन्हा होतं, ते हद्द ओलांडून आमच्याकडं आलं की तो कायदा लागत नव्हता. १९७८ मध्ये मुलीचं वय अठरा झालं. २००६ मध्ये नवा, जास्त कडक कायदा आला. आज गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते, आणि १०९८ हा नंबर आहे. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, खरंच.

आणि तरीही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या जवळपास ४४ जणींचं लग्न अठराच्या आधी झालेलं होतं. महाराष्ट्राचा आकडा २२.

लोक म्हणतात अडाणीपणा. मीही कॉलेजात असताना म्हणायचो, होस्टेलच्या वायफायवर बसून. मग एकदा अप्पांनी मला माझ्या आत्याचं सांगितलं.

आमच्याकडची ऊसतोड तुम्हाला माहीत असेल. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. सहा महिने कारखान्याजवळच्या कोपीत राहायचं, जिला दार म्हणजे पाचट नाहीतर फाटकी साडी. अशा वेळी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं काय करायचं? बरोबर न्यायचं, तर दिवसभर आई-बाप फडात आणि ती कोपीत एकटी. मागं ठेवायचं, तर कुणाकडं? म्हातारी आहे, पण तिला रात्री दिसत नाही. शाळा सकाळी अकरा ते पाच असते. प्रश्न पाचनंतरचा आहे. आणि त्या प्रश्नाला गावात एकच झटपट उत्तर आहे, ते म्हणजे लग्न. नवऱ्याच्या घरी झोपेल. वर एक कोयताही तयार होतो.

आत्याचं लग्न असंच झालं. ती आठवीत होती. अप्पा तिच्याहून चार वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "म्या म्हणलो व्हतो, मी राहतो तिच्यासंगं, नका करू. आबा म्हणले, तू दिवसा शेतावं जाशील, रातच्याला पारावं जाशील. तुझा काय भरोसा." थोडं थांबून म्हणाले, "खरंच व्हतं ते. गेलोच असतो." आत्या आता आजी आहे, ठणठणीत आहे, भांडकुदळ आहे. पण अप्पा पंचमीला तिला आणायला अजून स्वतः जातात, एसटीनं. गाडी पाठवतो म्हटलं तरी ऐकत नाहीत.

सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली, आई-बाप तोडीला गेले की मुलांनी गावातच राहावं म्हणून. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक ठिकाणी एक मुलांचं, एक मुलींचं. कागदावर मला ही योजना कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटते, कारण ती पाचनंतरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जागा, कॉट, आतून कडी, आणि बाहेर जागी राहणारी एखादी बाई. पण कॉट असून भागत नाही. बापाला तिथं मुलगी ठेवून शांत झोप लागली पाहिजे. वहिनीची एक सहकारी नर्स आमच्याच भागातली आहे. आई-बाप तोडीला, ती वसतिगृहात राहून बारावी झाली. ती म्हणाली, तिचे वडील कारखान्यावरून रोज रात्री नऊला वॉर्डनला फोन करायचे. विचारायचे एकच, "दार लावलं का, ताई?" सहा महिने, रोज. वॉर्डन वैतागायची, पण फोन उचलायची.

मला वाटतं दादाला त्या रात्री राग यायला नको होता, आणि सकाळपर्यंत तो गेलाही होता. सहाला चिऊनं गॅलरीची कडी काढली, तेव्हा पोरी एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपल्या होत्या. हत्ती अजून पंख्यावरच. आठला चारही बाप दाराशी हजर, दिलेल्या वेळेच्या एक तास आधी. पार्किंगवाल्या गृहस्थांनी बरोबर उपमा आणला होता, सगळ्यांना पुरेल एवढा. त्यांनी दादाचे डासांनी फोडलेले हात पाहिले, गॅलरीतली ओली गादी पाहिली, आणि काही न बोलता ताटल्या मांडायला लागले.

आता चिऊचं पुढचं खूळ. या पंचमीला मैत्रिणींना घेऊन लिंबागणेशला जायचंय, लिंबाचा झोका दाखवायचाय. दोन रात्री. अप्पांनी दोर आणून ठेवलाय, आत्याला निरोप गेलाय, आणि ते स्वतः ओसरीत झोपणार असं त्यांनीच जाहीर केलंय. दादानं चार वडिलांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. पहिला मेसेज पाच मिनिटांत आला. प्रश्न तोच होता, फक्त या वेळी त्याच्यापुढं आणखी एक ओळ होती: "आम्ही पण आलो तर ओसरीत जागा होईल का?"